पुस्तकाचा फेरफार

पालघर,
श्रावण शुद्ध नवमी.

चि. बाळीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र, म्हणजे रात्रपाळी सुटताना मोबाइलवरून धाडलेला तो सात ओळींचा मजकूर, पोचला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आठ तास नमुन्यांचे पृथक्करण करून बोईसरच्या खोलीवर परतल्यावर जो काही वेळ उरतो त्यात जागतिक साहित्याचा अभ्यास करावा अशी इच्छा ज्या मुलीस होते, तिला ‘आधी झोप पुरी कर’ असे सांगणे हे मामाचे आद्य कर्तव्य होय. ते बजावले असे समजून पुढे लिहितो.

तू मागितलीस संकेतस्थळांची यादी. माझ्या वहीत अशी चाळीसएक नावे आहेत आणि त्यांतील पाचसहा सोडली तर बाकीची मी वर्षानुवर्षे उघडीत नाही, तेव्हा तिची नक्कल तुला धाडण्यात हशील नाही. एकतीस वर्षे तहसील कचेरीत दप्तर सांभाळलेल्या माणसास जी एकच पद्धत अवगत असते ती मात्र सांगतो. जमीन आज कोणाच्या नावे आहे हे सातबाऱ्यावर कोणीही पाहतो. परंतु ती त्याच्याकडे वारसाने आली, खरेदीखताने आली, की कोणाचा अंगठा उठवून घेतल्याने आली, हे ज्यास जाणायचे असेल त्यास फेरफाराची जुनी पाने उलटावी लागतात. परदेशी पुस्तकही भाषांतरकार, संपादक, मुद्रक अशा पाचसहा हातांतून फिरून आपल्यापर्यंत येते. पुस्तके फुकट मिळू लागली याचे लोकांना अप्रूप वाटते. मला अप्रूप आहे ते हे फेरफार पालघरात बसून पाहता येतात याचे.

तुझ्या आजोबांच्या कपाटातील माधव जूलियनांची ‘द्राक्षकन्या’ तुला आठवत असेल. उमर खय्यामच्या रुबायांचे फिट्झजेराल्डने १८५९ मध्ये आपले नाव न घालता जे इंग्रजी रूपांतर छापले त्यात ७५ कडवी होती. १८६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती ११० झाली आणि तिसरीत १०१ वर उतरली, ती काही खय्यामने कबरीतून कळवले म्हणून नव्हे. फारसीचे प्राध्यापक आणि फार्शी-मराठी कोशाचे कर्ते असलेल्या माधवरावांनी १९२९ मध्ये मूळ फारसीवरून रुबाया मराठीत आणल्या, आणि दोनच वर्षांनी फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून ‘द्राक्षकन्या’ रचली. म्हणजे एकच मिळकत एकाच गृहस्थाने दोन निरनिराळ्या वाटांनी आपल्या घरी आणली. मायकेल हार्टने १९७१ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वहस्ते टंकून ज्याचा आरंभ केला त्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फिट्झजेराल्ड आहे, फारसी कवितेसाठी गंजूर नावाचे इराणी संकेतस्थळ आहे, आणि खय्यामच्या काळातील इराण समजून घेण्यास एन्सायक्लोपीडिया इरानिका सर्वांस खुला आहे. ही तिन्ही एका टेबलावर मांडून वाचण्याचे सुख आमच्या पिढीस ठाण्याच्या किंवा दादरच्या ग्रंथालयात, परतीच्या गाडीकडे एक डोळा ठेवूनही, लाभले नव्हते.

पण आरंभ खय्यामपासून करू नकोस. आपल्या किनाऱ्याला जिचे एक टोक बांधलेले आहे अशी कृती घे आणि त्या दोरीने बाहेर जा. माझ्या मते ती कृती म्हणजे ‘किस्सा-ए-संजान’. बोर्डीपलीकडचे संजाण आज गुजरातेत असले तरी १९६० पर्यंत उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यातच होता, आणि संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षे ज्या डोंगरात जपला असे किस्सा सांगतो, तो बाहरोट तर आजही आपल्याच जिल्ह्यात आहे. पारशी या किनाऱ्यावर कसे आले ते सांगणारे हे काव्य नवसारीच्या बहमन कैकोबादने १५९९ मध्ये फारसीत रचले. आता शाळेत तुम्हास शिकवलेली, दुधाने काठोकाठ भरलेल्या भांड्यात पारशी दस्तुराने साखर विरघळवून दाखवली ती गोष्ट घे. मी ती जन्मभर किस्स्यातली म्हणून सांगत आलो. सेवानिवृत्तीनंतर एके दुपारी इंटरनेट आर्काइव्हवर शापुरशहा होडीवालांचा १९२० चा पारशी इतिहासावरील ग्रंथ सापडला, त्यातील किस्स्याचे भाषांतर ओळीवर बोट ठेवून वाचले, आणि दूधही सापडेना, साखरही सापडेना. तेथे आहे तो एक करारनामाच: तेथला राजा जादी राणा निर्वासितांकडून त्यांच्या धर्माचा खुलासा मागतो, आणि देशाची भाषा बोलावी, स्त्रियांनी येथला पोशाख करावा, शस्त्रे खाली ठेवावीत, लग्ने सायंकाळी लावावीत अशा अटी घालतो. इतकी वर्षे ज्या मजकुराची मी रुजवात केली नव्हती त्यावर मी किती वर्गांपुढे आणि किती समारंभांत बोललो असेन, या विचाराने त्या दुपारी मला चहा गोड लागला नाही. साखरेची गोष्ट म्हणून टाकाऊ ठरते असे मात्र नव्हे. ती पुढची नोंद आहे, आणि ती कोणास हवीशी वाटली हा अभ्यासाचाच विषय आहे.

याच संजाणचा दुसरा कागद, किंबहुना दुसरे तांबे, तुझ्या खोलीपासून रिक्षाच्या अंतरावर निघाले. तारापूरची खाडी ओलांडली की चिंचणी. तेथे १९५५ मध्ये राष्ट्रकूटकालीन ताम्रपट सापडले आणि दिनेशचंद्र सरकारांनी ते ‘एपिग्राफिया इंडिका’च्या ३२ व्या खंडात वाचून छापले. तो खंड आज मोबाइलवर उघडतो. शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या त्या पटात संयान मंडलाचा अधिकारी म्हणून जो मधुमती येतो तो ताजिक, म्हणजे अरब आहे, आणि मधुमती हे महंमद या नावाचे संस्कृत रूप असावे असे सरकारांनी दाखवले आहे. या अरब अधिकाऱ्याने नद्यांवर फुकट तरीची सोय केली, अन्नसत्र घातले, आणि त्या सत्रात साळीचा भात, कालवण व तूप वाढले जाई, इतका तपशील तांब्यावर कोरून ठेवला आहे. ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेस या मधुमतीच्याच संमतीने जमीन लागली. संस्कृत पट मी अडखळत वाचला, परंतु तूप या पदार्थापाशी येताच हजार वर्षांपूर्वीची ती पंगत मला आपल्या केळव्याच्या ओसरीवर बसलेली दिसली. तिसरा साक्षीदार मसूदी. हा बगदादचा प्रवासी इ. स. ९१६ च्या सुमारास चौलास होता. अरब ग्रंथकारांचा ‘बल्हरा’ म्हणजे आपला वल्लभराज, अर्थात राष्ट्रकूट राजा, आणि त्यांचे ‘सिंदान’ म्हणजे हेच संजाण. मसूदीचा ग्रंथ फ्रेंच भाषांतरासह आर्काइव्हवर आहे. फ्रेंच तुला येत नाही, मलाही येत नाही, तरी त्यातील ही नावे शोधता येतात. संस्कृत, अरबी, फारसी असे तीन दाखले एकाच बंदराचे. यास जागतिक साहित्य म्हणायचे नाही तर कशास म्हणायचे?

अडचणी येतील त्या सांगून ठेवतो. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने जी लक्षावधी पुस्तके छायांकित केली त्यांतील मराठी नावे रोमन लिपीत इतक्या स्वैरपणे नोंदली आहेत की एकच ग्रंथ चार वर्तनींनी हुडकावा लागतो. कोठे शेवटचे पान गायब, कोठे छायाचित्रात कामगाराचा अंगठाच आलेला. ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटियर जरूर वाच, पण त्यात पालघर तालुका धुंडाळू नकोस. तेव्हा तालुका माहीम होता. शब्द अडला तर शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात मोल्सवर्थ आहे, आणि पार्श्वभूमी अडली तर तर्कतीर्थांचा विश्वकोश. यंत्र जे तयार भाषांतर करून देते त्यावर विसंबू नकोस. ते ‘तर’ या शब्दाची होडी सोडून काहीही करील.

आणि एक मोठी उणीव. पडद्यावर वारली चित्रे हवी तितकी दिसतात, उशीच्या अभ्र्यांपासून विमानांच्या चित्रांपर्यंत. परंतु लग्नाचा चौक लिहिला जात असताना वारल्यांची लग्ने लावणारी धवलेरी जे गाते, कणसरी या धान्यदेवतेची जी कथा रात्रभर चालते, ती शब्दशः, गाणारीच्या नावासह मला फारच थोड्या ठिकाणी आढळली. आमच्या कचेरीच्या भाषेत, वहिवाट आहे आणि नोंद नाही. तुझ्या पाळीत वाणगावकडच्या पाड्यावरील जी मुलगी आहे, जिची आत्या धवलेरी आहे असे तू गेल्या दिवाळीत म्हणालीस, तिच्याकडे लग्नसराईत जाणे झाले तर वही घेऊन जा. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी आत्याला विचार. ती नको म्हणाली तर नुसती ऐक. हो म्हणाली तर तिचे नाव, पाडा, तिथी आणि ती कोणाकडून शिकली हे आधी लिहून घे, गाणे मागाहून.

रविवारी सुट्टी असेल तर सकाळची डहाणू लोकल पकडून ये. मधे उमरोळी एवढेच स्टेशन. होडीवालांची छापील पाने मी काढून ठेवली आहेत, आणि तुझ्या मामीने सोडे.

तुझा,
मामा