पातेल्यालाही कान असतात

सिन्नर म्हटले की जुन्या माणसांना विडी आठवते आणि नव्यांना शिर्डीचा रस्ता. नाशिकहून निघालेली गाडी मोहदरीचा घाट चढून गावाजवळ येते, तेव्हा बहुतेक प्रवाशांचे डोळे घड्याळाकडे असतात. त्यांनी तासभर उतरून गोंदेश्वर जरूर पाहावा. यादवकाळातले हे शिवमंदिर. मधे मुख्य देऊळ आणि भोवती विष्णू, गणपती, पार्वती व सूर्य यांची चार लहान देवळे. काळ्या दगडावरचे ते काम पाहताना एक विचार मनात येतोच: दगडाचा स्वभाव ओळखल्याशिवाय त्या पाथरवटांनी छिन्नी उचलली नसेल.

दगडाचे ठीक आहे. पण यंत्रातून गुळगुळीत होऊन आलेल्या स्टीलच्या पत्र्यालाही स्वभाव असतो, हे मला कळले ते त्याच दिवशी दुपारी, गावाबाहेर मुसळगावच्या सहकारी औद्योगिक वसाहतीत. एका स्नेह्यांच्या ओळखीने तिथल्या एका लहानशा शेडमध्ये मी शिरलो होतो.

आत प्रेस चालू होती. पत्र्याची गोल चकती डायवर ठेवायची, वरून पंच खाली येतो, आणि हां हां म्हणता चकतीची खोल वाटी होते. मी एक वाटी हातात घेतली. काठ सरळ असेल अशी माझी अपेक्षा. पण तो चार ठिकाणी उंचावलेला आणि चार ठिकाणी खाली गेलेला!

“हे कान,” शेठ म्हणाले. “कापून टाकावे लागतात. पत्रा घेतो वजनावर, आणि कान जातात भंगाराच्या भावात.”

पण त्या दिवशीचे दुखणे कानांपुरते नव्हते. कोपऱ्यात तळाच्या वळणाशी फाटलेल्या वाट्यांचा ढीग पडला होता आणि प्रेसवरचे वयस्कर मामा मान खाली घालून उभे होते. डाय नीट बसवली नाही, तेल कमी लावले, असा ठपका त्यांच्यावर होता. नुकसान कोणाच्या पगारातून वळते व्हायचे, हे सांगायला कोणी नको होते.

शेडमध्ये एक तरुण इंजिनियर होता. त्याने काय केले? पत्र्यावर लाटण्याच्या ज्या बारीक रेघा असतात, त्यांच्या दिशेने प्रत्येक चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढली. काही चकत्या रेघ समोर ठेवून दाबल्या, काही ४५ अंश फिरवून. दोष डायचा असता, तर वाटी यंत्राच्या एकाच बाजूला फाटली असती. पण चकती फिरवली तशी चीरही फिरली. रेघेशी तिचा कोन कायम!

“मामा, चहा घ्या,” शेठ म्हणाले. पगाराचा विषय तिथेच मिटला.

आता यामागचे इंगित. घरी आपण पोळी लाटतो ती फिरवून फिरवून, म्हणून ती सगळीकडे सारखी होते. पत्रा मात्र एकाच दिशेने लाटला जातो. पोलाद म्हणजे बारीक स्फटिकांची दाटी, आणि प्रत्येक स्फटिकात अणू घनाच्या चौकटीत शिस्तीने बसलेले. लाटताना हे स्फटिक लांबतात आणि वळतातही. अरुंद गल्लीत गर्दी शिरली की सगळ्यांची तोंडे एकीकडे होतात, तशी. पुढे पत्रा मऊ करण्यासाठी भट्टीत तापवतात. तिथे जुन्या स्फटिकांच्या जागी नवे जन्मतात; पण त्यांच्यातही घराण्याचे वळण उतरतेच. म्हणून पत्रा एका दिशेला सहज ओढला जातो, दुसऱ्या दिशेला हट्ट धरतो. सहज ओढला जातो तिथे कान फुटतात.

हा हट्ट मोजताही येतो. अमेरिकेत लँकफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली त्याची रीत मांडली. पत्र्याची पट्टी ताणायची. ती रुंदीत किती आटली आणि जाडीत किती, याचे गुणोत्तर काढायचे. ते एकाहून जास्त आले की समजावे, पत्रा जाडी सोडत नाही. भांडे न फाटता खोल निघेल. पट्ट्या तीन दिशांनी कापतात: लाटण्याच्या दिशेने, आडव्या आणि तिरप्या. या आकड्यांत जितकी तफावत, तितके कान मोठे. स्फटिकांची ही ठेवण क्ष-किरणांनी आणि इलेक्ट्रॉनच्या झोतानेही वाचता येते. मुंबईला पवईच्या आयआयटीत त्यासाठी राष्ट्रीय सुविधा केंद्रच आहे.

गृहिणींनाही यातले थोडे ठाऊक असावे. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या स्टीलचे ते गुणोत्तर एकाच्या आसपासच असते. पण ताणले की ते कठीण होत जाते, म्हणून ताण एका जागी न साचता पसरतो. निकेल नसलेले क्रोमियमचे स्टील स्वस्त. त्याच्या स्फटिकांचे घन कोपऱ्यावर उभे राहिले, तर तेही छान खोल ओढले जाते. पण एकाच वळणाच्या स्फटिकांचे पट्टे त्यात राहून गेले, तर भांड्यावर कॉर्डरॉय कापडासारख्या रेघा उमटतात आणि त्या घासून काढता काढता पॉलिशवाल्याचा जीव मेटाकुटीला येतो.

या दुसऱ्या स्टीलला चुंबक चिकटतो. म्हणून ते खोटे, हा दुकानातला समज तेवढा चुकीचा. निकेलचे स्टीलदेखील खोल दाबले की चुंबकाला थोडी ओढ दाखवते!

चिवड्याचा नवा डबा घरी येतो तेव्हा त्याचा काठ सुबक वळवलेला असतो. त्याचे कान आपल्याला कधीच दिसत नाहीत. ते अशाच एखाद्या शेडमध्ये कापून, पोत्यात भरून, तोलून गेलेले असतात. मुसळगावच्या त्या शेडमध्ये मात्र नवा पत्रा आला की, मामा आधी पेन्सिल मागून घेतात.