जपायचे काय, हे ठरवतो कोण?

शिवेंद्रसिंह डुंगरपूर हे नाव आपल्या चळवळीतल्या वाचकांना फारसे परिचयाचे असण्याचे कारण नाही. राजस्थानातल्या डुंगरपूर संस्थानच्या राजघराण्यातला हा माणूस पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकला, जाहिरातपट केले आणि पुढे सिनेमाविषयीच सिनेमे काढू लागला. २०१२ चा 'सेल्युलॉइड मॅन', २०१५ चा 'द इमॉर्टल्स', आणि चेक दिग्दर्शक यिरी मेन्झेल यांच्यावरचा २०१८ चा 'चेकमेट'. हा शेवटचा सात तासांपेक्षा लांब आहे, म्हणजे आपल्या रात्रभर चालणाऱ्या भीमगीतांच्या कार्यक्रमांना स्पर्धा!

आम्ही त्यांच्याविषयी लिहायचे म्हणालो तेव्हा एका जुन्या कार्यकर्त्याने लगेच विचारले, "राजेरजवाड्यांचं कौतुक आता आपण करायचं का?" प्रश्न रास्त आहे. पण आम्हाला कौतुक करायचे नाही. 'सेल्युलॉइड मॅन' ज्या माणसावर आहे त्याच्या कामात एक गोष्ट अशी आहे की तिचा विचार आपण करायला हवा होता आणि अजून केलेला नाही. ती गोष्ट ज्याच्या कॅमेऱ्याने दाखवली त्याचे घराणे कोणते, हा त्यानंतरचा मुद्दा.

तो माणूस म्हणजे पी. के. नायर. जन्म १९३३, तिरुवनंतपुरम. मृत्यू २०१६, पुणे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यात सुरू झाले आणि पुढल्याच वर्षी नायर तिथे रुजू झाले. १९९१ ला निवृत्त होईपर्यंत त्यांनी सुमारे १२ हजार चित्रपट गोळा केले. भारतात हजाराहून जास्त मूकपट निघाले, त्यातले मूठभर उरले, आणि जे उरले त्यांत नायरांचा वाटा मोठा. फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळे त्यांनी मिळवली. 'कालिया मर्दन' तुकड्यातुकड्यांनी जोडून घेतला. बाकीचे चित्रपट कुठे गेले? जुनी नायट्रेट फिल्म जरा उष्णता वाढली की पेट घेते, त्यात काही जळाले. आणि काही चक्क विकले गेले. फिल्मवर चांदीचा थर असतो. रिळे धुऊन ती चांदी काढायची आणि उरलेले प्लॅस्टिक बांगड्या करणाऱ्याला द्यायचे, असा धंदाच होता. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' आज कुठेही नाही.

आता मुख्य मुद्दा. नायर काय जपायचे याची निवड करत नसत. अभिजात सिनेमा आला तर ठेवायचा, मारधाडीचा आला तर तोही ठेवायचा. पौराणिक, सामाजिक, पडेल, भिकार, सगळे सारखे. समीक्षकांनी नाक मुरडलेला चित्रपटसुद्धा त्यांच्या फडताळात सत्यजित राय यांच्या शेजारी बसायचा. समाजशास्त्र शिकताना आम्ही श्रेणीबद्ध विषमतेवर बाबासाहेबांचे विवेचन वाचले होते. वसतिगृहाच्या खोलीत पाच जणांनी एका लॅपटॉपवर हा माहितीपट पाहिला, तेव्हा ते विवेचन आम्हाला वेगळ्या ठिकाणी लागू पडलेले दिसले. 'हे जपण्याच्या लायकीचे, ते नाही' ही भाषा सोवळ्याओवळ्याचीच आहे. माणसांची उतरंड लावणारा समाज त्यांच्या वस्तूंची, गाण्यांची, आठवणींचीही उतरंड लावतो. संग्रहालयाच्या दारात उभे राहून ती उतरंड नाकारणारा माणूस, तोही सरकारी नोकरीत, आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

तरीही एवढ्याने प्रश्न मिटत नाही. नायरांनी दार उघडे ठेवले, पण त्या दारापर्यंत पोहोचले काय?

नायर ज्या शहरात जन्मले त्याच तिरुवनंतपुरममध्ये, त्यांच्या जन्माच्या काही वर्षे आधी, जे. सी. डॅनियल यांनी 'विगतकुमारन' हा मल्याळममधला पहिला मूकपट दाखवला. त्याची नायिका पी. के. रोझी ही पुलय जातीतली, म्हणजे तिथल्या अस्पृश्य जातीतली मुलगी. तिने पडद्यावर नायर स्त्रीची भूमिका केली. एका अस्पृश्य बाईने आपल्या जातीची बाई व्हावे हे सवर्णांना सोसले नाही. चित्रपटगृहात दंगा झाला, तिच्या घराला आग लावली गेली, आणि रोझी जीव वाचवून तमिळ मुलखात निघून गेली. पुढचे सगळे आयुष्य तिने दुसऱ्या नावाने काढले. 'विगतकुमारन'ची एकही प्रत आज शिल्लक नाही. रोझी पडद्यावर कशी दिसत होती, हे जिवंत माणसांपैकी कोणीही सांगू शकत नाही.

याच्याशेजारी १९३६ चा 'अछूत कन्या' ठेवून पाहा. त्यात अस्पृश्य मुलीचे काम देविका राणी यांनी केले. त्या टागोर घराण्याच्या नात्यातल्या. त्यांचे कौतुक झाले, चित्रपट गाजला, आणि आज घरबसल्या बघता येतो. वरच्या घरातली बाई खाली उतरण्याचा अभिनय करते तेव्हा ती कला ठरते. खालची बाई वर चढण्याचा अभिनय करते तेव्हा तिचे घर जाळले जाते. सिनेमाच्या प्रभावाबद्दल जाडजूड ग्रंथ निघाले आहेत. पण पडद्यावरच्या सावलीने जात मोडते, ही गोष्ट त्या रात्री दंगा करणाऱ्यांना कोणत्याही अभ्यासकाच्या आधी कळली होती.

महाराष्ट्रातही पाहण्यासारखे आहे. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला. कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा आणि शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. तो मूकपट गेला. पेंटरांचे 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' मात्र उरले. यात कोणाचा कट होता असे म्हणणे बावळटपणाचे होईल. आग जात विचारत नाही. पण पौराणिक चित्रपट निघालेच इतके की त्यातले दोन-चार कसेही वाचणार, आणि सावकाराविरुद्धचा एकच निघाला तर तो गेल्यावर सगळेच जाते. आणि ज्या 'राजा हरिश्चंद्र'पासून आपण भारतीय सिनेमाची सुरुवात मोजतो, त्या कथेत राजाच्या अधोगतीचा शेवटचा टप्पा कोणता? स्मशानातल्या डोंबाची चाकरी! पहिल्याच सिनेमाची करुणा आपल्या माणसाच्या विटाळावर उभी आहे. ती दोन रिळे नायरांनी जपली हे चांगलेच झाले. पुरावा हाताशी असला तर वाद घालता येतो.

'सेल्युलॉइड मॅन'मधला आम्हाला सर्वात आवडलेला भाग कर्नाटकातल्या हेग्गोडूचा आहे. शिमोगा जिल्ह्यातल्या या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांच्या निनासम संस्थेने जगभरचे चित्रपट दाखवले, आणि त्यासाठी नायरांनी पुण्याहून फिल्म पाठवल्या. माहितीपटात तिथली साधी माणसे इटलीच्या 'बायसिकल थीव्ज'वर आणि जपानच्या 'राशोमोन'वर अशी बोलतात, की जणू शेजारच्या गावात घडलेली हकिगत सांगत आहेत. कष्टकरी माणसाला गंभीर सिनेमा कळत नाही, त्याला नाचगाणीच हवीत, हे सांगणारे लोक आणि शूद्राला ज्ञान पचत नाही सांगणारे लोक यांच्यात आम्हाला फारसा फरक दिसत नाही. हेग्गोडूने त्यांना उत्तर दिले आहे. मात्र तो भाग पाहताना एक प्रश्न आमच्या मनात सारखा येत राहिला. सुपारीच्या बागांचे मालक चित्रपटाला बसले, मग सुपारी सोलणारे मजूर कुठे बसले होते? डुंगरपूर यांचा कॅमेरा प्रेमाने पाहतो. प्रेमाने पाहणाऱ्या डोळ्यांना असे प्रश्न जरा उशिराच सुचतात.

डुंगरपूर यांच्या बाजूने एक मात्र नोंदवले पाहिजे. ते नुसते माहितीपट काढून थांबले नाहीत. २०१४ मध्ये त्यांनी मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन काढले, आणि या संस्थेने दुरुस्त केलेल्या चित्रपटांत श्याम बेनेगल यांचा 'मंथन' आहे. हा १९७६ चा चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये काढून उभा केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यात स्मिता पाटील आहेत आणि भोला नावाचा दलित तरुण आहे. शहरातला साहेब बदली होऊन निघून जातो तेव्हा दूध सोसायटी हाती घेतो तो भोला. खराब झालेल्या फिल्मवरून हा चित्रपट पुन्हा उभा केला गेला आणि २०२४ मध्ये कान महोत्सवात, मग इथल्या चित्रपटगृहांत दाखवला गेला. शेतकऱ्यांच्या दोन-दोन रुपयांचा सिनेमा राजघराण्यातल्या माणसाने वाचवला, हा विनोद काळाने केला आहे. आम्ही तो हसून स्वीकारतो.

पण आपला स्वतःचा ठेवा? ७ डिसेंबर १९५६ ला मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा ती फिल्मवर उतरवण्यासाठी नामदेव व्हटकर पदरमोड करून धावले. लेखक, चित्रपटकर्मी, दलित समाजातून वर आलेला माणूस. त्या दिवशी रडायचे सोडून कॅमेऱ्याला फिल्म मिळवत फिरणाऱ्या या माणसाचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? अंत्ययात्रेची हलती चित्रे आपण दर ६ डिसेंबरला मोबाईलवर एकमेकांना पाठवतो. खाली कोणाचेही नाव नसते. फाळक्यांच्या नावाने देशातला सर्वोच्च चित्रपट पुरस्कार आहे. व्हटकरांच्या नावाने काय आहे?

दोन वर्षांपासून आम्ही आणि विहारातली काही पोरे-पोरी एक काम करतो आहोत. आमच्या तालुक्यातल्या बौद्ध वस्त्यांमधून जुन्या व्हिडिओ कॅसेट गोळा करायच्या आणि संगणकावर उतरवायच्या. ऐंशी-नव्वदच्या दशकात दर मोठ्या गावात एखादा व्हिडिओ शूटिंगवाला असायचा. त्याने जयंत्या काढल्या, परिषदा काढल्या, धम्मदीक्षेचे सोहळे काढले. त्या कॅसेट कपाटाच्या वर, धान्याच्या कोठीमागे, कुठे चुलीच्या धुरात पडून आहेत. फितीला पांढरी बुरशी येते. ती सावकाश पुसून घ्यावी लागते, नाहीतर व्हीसीआरचे हेड खराब होते आणि दुसरे मिळत नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आमच्याकडे दोन यंत्रे आहेत, त्यातले एक दुसऱ्याच्या सुट्या भागांसाठी ठेवले आहे. एका शैक्षणिक संस्थेच्या अडगळीत पेटीभर कॅसेट आहेत असे कळले म्हणून गेलो, तर साफसफाईत त्या आदल्या महिन्यात भंगारात गेल्या होत्या. त्यात काय होते याची यादीसुद्धा कोणी केलेली नव्हती.

एका मावशींकडे नामविस्ताराच्या रात्रीची कॅसेट निघाली. १४ जानेवारी १९९४. सोळा-सतरा वर्षांचा लढा, जळालेल्या वस्त्या, गेलेले जीव, आणि मग ती बातमी आल्यावर रस्त्यावर आलेला माणसांचा लोंढा. कॅमेरा हलतो आहे, गुलाल लेन्सवर बसला आहे, आवाज फाटतो आहे. तेराव्या मिनिटाला चित्र फडफडते आणि पुढे अचानक क्रिकेटचा सामना सुरू होतो. घरातल्या कोणीतरी नंतर त्याच फितीवर सामना उतरवून घेतला होता. मावशी म्हणाल्या, "कोरी कॅसेट तवा महाग होती, बाळा." आम्ही त्यांना काय बोलणार? चांदीसाठी रिळे धुणाऱ्याला जो हिशेब लागू, तोच त्यांनाही. ती तेरा मिनिटे आमच्याकडे तीन ठिकाणी ठेवलेली आहेत.

कामात एक भांडण मात्र अजून चालू आहे. आमच्यातल्या काहींचे म्हणणे, फक्त चळवळीच्या कॅसेट घ्याव्यात. जागा कमी, हार्ड डिस्कला पैसे लागतात, आणि लोक लग्नांच्या कॅसेटच जास्त आणून देतात. एका पोरीने मग त्या बैठकीत नायरांचे नाव काढले. निवड करणारे आपण कोण, असा तिचा सवाल होता. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी लग्नाच्या कॅसेटही घ्यायचे ठरले, तूर्तास.

पहिली लावली ती १९८९ ची. शाळेच्या मैदानावर मांडव, टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, समोर मेणबत्त्या. एक म्हातारे गृहस्थ त्रिशरण-पंचशील म्हणताहेत आणि अडखळताहेत. शेजारी उभी असलेली नवरी हळूच पुढचा शब्द सुचवते.