ब्राह्मणपाऱ्यातली बुलेट

रायपुरात ‘पारा’ म्हटलं की थर्मामीटर आठवायचा नाही. पारा म्हणजे वस्ती, मोहल्ला. बुढापारा, तात्यापारा, बैजनाथपारा, रामसागरपारा आणि आमच्या मामांचा ब्राह्मणपारा. लहानपणी मे महिन्यात आजोळी आलो की आम्हाला दोनच पारे ठाऊक असत. एक उन्हाचा आणि दुसरा मामांचा. दोन्ही दुपारी बारानंतर चढत. मामांचा उतरवायचा एकच उपाय होता. त्यांच्या मोटारसायकलचं कौतुक करायचं!

यंदा दसऱ्याला बऱ्याच वर्षांनी ब्राह्मणपाऱ्यात गेले. गोंदिया सुटलं, दरेकशाचं जंगल मागे पडलं, डोंगरगडची बमलेश्वरीची टेकडी दिसली आणि मी मनाशी तयारी करू लागले. मामांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. फोनवर मामी म्हणाल्या होत्या, “ये एकदा. माझं ऐकत नाहीत. भाचीचं ऐकतील.”

छत्तीसगडात आपल्याकडच्यापेक्षा उलटी रीत आहे. इथे मामा भाच्याच्या पाया पडतो. हा प्रदेश म्हणजे जुना दक्षिण कोसल, कौसल्येचं माहेर, म्हणून राम हा साऱ्या छत्तीसगडचा भाचा, अशी इथली श्रद्धा. रायपूरजवळ चंदखुरीला कौसल्येचं मंदिरही आहे. आमच्या मराठी घरानं ही रीत कधी उचलली कोण जाणे, पण मामा ती कटाक्षानं पाळतात. मी दारात पाऊल ठेवलं आणि ते उठले. अंगणातल्या बुलेटच्या सीटचा आधार घेत वाकले. मी नेहमीसारखे पाय मागे घेतले.

“असं नको करू, बेटा,” मामा धापा टाकत म्हणाले. “तू पाय मागे घेतले तर मला पुण्य कसं लागणार? देणाऱ्यानं द्यायचं, घेणाऱ्यानं घ्यायचं. घेणाऱ्यानं लाजलं, की देणाऱ्याचं राहून जाते.”

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मामी काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी हे नीट ऐकून ठेवलं होतं, ते मला पुढे कळलं.

गल्लीपुरती परवानगी

मामांची पहिली गाडी जावा. मामींना लग्नानंतर देवदर्शनाला नेलं ते तिच्यावरूनच. मग आली ही बुलेट, 1978 सालची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. मामा तिच्यावर नागपूरला गेले, अमरकंटकला गेले, बस्तरात किती वेळा गेले याचा हिशेब नाही. जगदलपूरच्या वाटेवर केशकालचा घाट लागतो. तिथे तेलीन सती मातेचं देऊळ आहे आणि गाड्यांचे चालक तिथे थांबून हात जोडतात. मामा देवभोळे नाहीत. पण त्या वळणावर तेही थांबत. “देवीसाठी नाही,” म्हणत, “इंजिन थंड व्हायला.”

याच प्रवासांनी कंबर धरली. कंबरेसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहिल्या. रक्तदाब होता, पण त्रास काही नव्हता, म्हणून त्याच्या गोळ्या मात्र बंद झाल्या. पायावर सूज आली तेव्हा फार उशीर झाला होता. मूत्रपिंडाचं दुखणं असंच असतं. बरंच काम थांबेपर्यंत ते बोलतच नाही. मामा आता येईल त्याला बजावतात, “गाडीचा आवाज चांगला आहे म्हणून ऑइल पाहायचं सोडतो का आपण? वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन अन् लघवीतलं प्रोटीन तपासून घे. मी नाही पाहिलं, म्हणून सांगून राहिलो.”

सोमवार, बुधवार, शुक्रवार. दर खेपेला चार तास. दिवसाला मोजून एक लिटर पाणी, त्यातच चहा आणि वरणही धरायचं. केळं बंद, शहाळं बंद. डायलिसिसच्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही, कारण तेव्हा रक्त पातळ करणारं औषध दिलेलं असतं, रक्तदाब खाली येतो, चक्कर येते. बाकीच्या दिवशी हेल्मेट घालून, हळू, फक्त मोहल्ल्यात. डॉक्टरांनी दिलेल्या या परवानगीला मामा ‘गल्लीचं लायसन’ म्हणतात.

डाव्या मनगटाजवळ त्यांची शीर आणि धमनी जोडून फिस्तुला केला आहे. डायलिसिसच्या सुया तिथेच टोचतात. त्या हातावर घड्याळ बांधायचं नाही, ओझं उचलायचं नाही, रक्तदाबही त्या हाताला मोजायचा नाही. शस्त्रक्रियेनंतर शीर फुगून तयार व्हावी म्हणून दाबायला रबरी चेंडू देतात. मामांनी चेंडू बाजूला ठेवला आणि उभ्या बुलेटचा क्लच दाबत बसले! डॉक्टरांना कळलं तेव्हा ते हसले म्हणे.

“बोट ठेव इथे,” मामा मला म्हणाले. मी त्या फुगलेल्या शिरेवर बोट ठेवलं. आत काहीतरी थरथरत होतं, अखंड. डॉक्टरमंडळी याला ‘थ्रिल’ म्हणतात. ती थरथर आहे तोवर फिस्तुला चालू. रोज सकाळी ती तपासायची असते.

“आयडलिंग,” मामा म्हणाले. “एकदम सेट आहे ना?”

पाण्याखालचं देऊळ

संध्याकाळी मामांनी मला मागे बसवलं. ॲम्पिअरचा काटा मध्यावर आणला, डिकॉम्प्रेशनची खटकी दाबली, एक हलकी किक, मग एक खरी. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली आणि दारात उभ्या मामींचा जीव भांड्यात पडला.

ब्राह्मणपारा हा जुन्या रायपूरचा गाभा. एका अंगाला आझाद चौक, दुसरीकडे सदर बाजार, पलीकडे बुढापारा. गल्ल्या अरुंद. जुन्या घरांच्या जागी मजले चढले आहेत, तरी मधूनच एखादी लाकडी खांबांची ओसरी दिसते. आनंद समाज वाचनालय इथलंच, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचं. गांधीजी 1920 च्या डिसेंबरात रायपूरला आले, तेव्हाच्या आठवणी या भागातले वृद्ध आपल्या वाडवडिलांकडून ऐकलेल्या सांगतात.

मराठी माणूस इथे कसा आला, याचं उत्तर इतिहासात आहे. 1741 साली नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर रतनपूरवर चालून आले. पुढे बिंबाजी भोसले तिथे राहून कारभार पाहू लागले. 1854 मध्ये डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं, पण आलेली घरं राहिली. नंतर कारकुनी, वकिली, शिक्षकीच्या निमित्तानं आणखी आली. बुढापाऱ्यातल्या शाळेला माधवराव सप्रे यांचं नाव आहे. त्यांनी 1900 साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं आणि ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. इथल्या मराठी माणसाची जीभ अशीच दुहेरी. मामांची मराठी वऱ्हाड-नागपूरच्या वळणाची, तिला मध्येच हिंदीची फोडणी, आणि भाजीवालीशी मात्र ते शुद्ध छत्तीसगढीत घासाघीस करतात.

कंकाली तलावाशी मामांनी गाडी थांबवली. रायपूर हे मुळात तळ्यांचं गाव. या तळ्याच्या मध्यभागी शंकराचं एक देऊळ आहे. पाणी भरलं की ते बुडतं, फक्त कळसाचा भाग वर राहतो. काठावर कंकाली देवीचं मंदिर, तिथे नवरात्राची गर्दी. पूर्वी इथे स्मशान होतं, नागा साधू साधना करीत, म्हणून देवीचं नाव कंकाली, असं सांगतात. या पाण्यानं त्वचेचे रोग जातात, असाही समज आहे.

“मामी रोज येतात?” मी विचारलं.

“रोज. माझ्यासाठी काय काय बोलली आहे, देवीलाच ठाऊक.” मामा पाण्याकडे पाहत राहिले. दिवसाला एक लिटर मोजून पिणारा माणूस इतक्या पाण्याकडे कसा पाहतो, ते त्या दिवशी मी पाहिलं. मग म्हणाले, “मला नवस जमत नाही. पण हे देऊळ आवडते. वर्षाचे कितीतरी महिने पाण्याखाली असते, कोणाला दिसत नाही. तरी लोक काठावरून हात जोडतातच. मी मशीनवर झोपतो तेव्हा हे आठवते.”

राजस्थानात पालीजवळ अपघातात गेलेल्या एका तरुणाच्या बुलेटचीच पूजा होते. मी त्या ओम बन्नांच्या देवस्थानाचा विषय काढला. मामा हसले. “गाडीला देव कशाला करायचं? गाडी बनवणाऱ्याच्या डोक्याला हात जोडावे.” आणि त्यांनी मला विलेम कोल्फ या डच डॉक्टरची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना, 1943 साली या माणसानं कॅम्पेन गावच्या इस्पितळात डायलिसिसचं यंत्र उभं केलं. सॉसेजसाठी वापरतात ते सेलोफेनचं वेष्टन एका पिंपाभोवती गुंडाळलं आणि फिरत्या पिंपात रक्त आणायला-न्यायला फोर्ड मोटारीच्या पाण्याच्या पंपावरून कल्पना उचलली. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. 1945 मध्ये 67 वर्षांची एक बाई मात्र शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षं जगली.

“फोर्डचा पंप!” मामांचे डोळे चमकले. “म्हणजे माझा जीव शेवटी गॅरेजवाल्यानंच वाचवला.”

दोन सायलेन्सर

घरचा खरा प्रश्न रात्री जेवताना निघाला. मामींना आपलं एक मूत्रपिंड मामांना द्यायचं होतं. कायद्यानं नवरा-बायको जवळचे नातेवाईक धरले जातात, त्यामुळे तो अडसर नव्हता. रक्तगटही जुळत होता. पुढच्या तपासण्या व्हायच्या होत्या. पण मामा तपासणीलाच तयार नव्हते.

“चालत्या गाडीचा पार्ट काढून बंद गाडीला लावायचा, हे कोणत्या मेकॅनिकनं सांगितलं? दोन्ही गाड्या रस्त्यात उभ्या राहिल्या तर?” मामा पान बाजूला सारत म्हणाले.

मामी शांतपणे भात वाढत होत्या. “अहो, तुमच्या जावाला सिलिंडर किती होते?”

“एक.”

“आणि सायलेन्सर?”

मामा गप्प.

“दोन. भिलाईच्या रस्त्यावर एक गळून पडला, तरी तुम्ही मला घरी आणलंत. आवाज झाला थोडा, पण गाडी थांबली नाही.”

मला हसू आवरेना. मामा मात्र हसले नाहीत. “ते यंत्र होतं. तू माणूस आहेस. मला तुझ्याकडून एवढं घेता नाही यायचं.”

मामींनी हातातली पळी खाली ठेवली. “परवा दारात भाचीला काय शिकवलंत? घेणाऱ्यानं लाजलं, की देणाऱ्याचं राहून जाते. ते फक्त तिच्यासाठी होतं का?”

त्यानंतर बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. भाचीचं ऐकतील म्हणून मला बोलावलं होतं. मला काही बोलायची वेळच आली नाही.

एका दिवसाचं दार

ब्राह्मणपाऱ्यातला कंकाली मठ वर्षातून एकच दिवस उघडतो, दसऱ्याला. आत जुनी शस्त्रं ठेवलेली आहेत. तलवारी, भाले, ढाली. त्यांची पूजा होते, माणसं रांगेनं दर्शन घेतात आणि दार पुन्हा वर्षासाठी बंद होतं. त्या दिवशी देवी तळ्याकाठच्या मंदिरातून मठात परतते, अशी भावना आहे. आम्ही तिघं पहाटे रांगेत उभे राहिलो. मामांना उभं राहणं जड जात होतं, तरी त्यांनी कुणाला पुढे सोडा म्हटलं नाही.

घरी येऊन मामांनी बुलेट पुसली. झेंडूचा हार हँडलला बांधला. मामींनी हेडलाइटला हळद-कुंकू वाहिलं, ओवाळलं. मग मामांचा डावा हात हाती घेतला आणि फिस्तुल्याच्या जरा वर, जपून, कुंकवाचं एक बोट टेकवलं. “हेही आयुधच,” म्हणाल्या.

मामा त्या बोटाकडे पाहत राहिले. मग गाडीकडे वळून, जणू तिलाच सांगावं तसं म्हणाले, “पुढच्या आठवड्यात जाऊ. फक्त तपासायला.”

“मी कुठे काय म्हटलं?” मामी म्हणाल्या आणि आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले दिसत होते.

तपासण्यांत काय निघेल ते अजून ठरायचं आहे. जुळेल, कदाचित जुळणारही नाही. तोवर सोमवार, बुधवार, शुक्रवार चालूच राहतील आणि मधल्या संध्याकाळी गल्लीचं लायसनही.

निघताना रिक्षा दारात आली. मामांनी मला सोनपत्ती दिली, बुलेटच्या सीटचा आधार घेतला आणि वाकले.

या वेळी मी पाय मागे घेतले नाहीत.