भुरी आधी मावशींना दिसायची

आमच्या निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागेवर अनेकांचं देणं होतं आणि आहे. सोसायटीचं दरवर्षी फिटतं, औषधाच्या दुकानदाराचं फिटून पुन्हा चढतं. एक देणं मात्र कुठल्याच वहीत मांडलेलं नाही. ते आहे सुरगाण्याच्या बाजूने थिनिंगला येणाऱ्या टोळीतल्या मावशींचं. भुरी बघायला मला त्यांनी शिकवलं.

द्राक्षवाल्याच्या घरात जन्मलेल्याला भुरी शिकवावी लागते, यावर बागायतदार हसतील. पण पानं पांढुरकी पडली, घडांना तो कुबट, नासक्या मासळीची आठवण देणारा वास येऊ लागला, की भुरी ओळखायला कुणाचीच शिकवणी लागत नाही. खरा प्रश्न असतो त्याच्या आधीच्या आठवड्याचा.

भुरी ही बुरशी. ती पानावर आणि मण्यावर वरच्या वर पसरते आणि अन्न शोषण्यापुरती मुळं सालीच्या पेशींत खुपसते. डावणी या द्राक्षाच्या दुसऱ्या रोगाला पान ओलं लागतं. भुरीला तेही नको. ढगाळ हवा, दाट पानोळ्याची सावली, दमटपणा आणि 20 ते 27 अंशांचं तापमान एवढं तिला पुरतं. पाऊस नाही म्हणून आपण निर्धास्त असतो तेव्हाच ती हातपाय पसरते. हवा मानवली तर पाच-सात दिवसांत पुढची पिढी तयार. मणी धरल्यापासूनचे पहिले तीन-चार आठवडे सगळ्यात नाजूक. त्या वयात लागण झाली तर मण्याची साल वाढायची थांबते, आतला गर मात्र वाढत राहतो, आणि मणी तडकतो. असा घड व्यापारी हातातसुद्धा धरत नाही.

नेमक्या याच दिवसांत थिनिंग चालतं. ऑक्टोबरात गोडी छाटणी झालेली असते, डिसेंबरात मणी ज्वारीएवढे होतात, आणि बायका छोट्या कात्र्या घेऊन दाटीतले मणी काढायला बसतात. ब्लोअर घेऊन ट्रॅक्टरवर बसलेला माणूस एक ओळ बघता बघता पार करतो. त्याला वेल दिसते. थिनिंगवाली बाई प्रत्येक घड बोटांत धरून चारही बाजूंनी फिरवते. बागेत सगळ्यांत जवळून द्राक्ष बघणारी तीच.

मी तेव्हा नुकता शेतीची पदवी घेऊन घरी आलो होतो. बांधाला आंब्याचं झाड आहे, त्याची सावली दुपारनंतर कडेच्या ओळींवर पडते. तिथे मावशींनी हाक मारली. “भाऊ, इकडे ये. वरून काय बघतो, आत बघ.” त्यांनी एका घडाचा खांदा अलगद बाजूला केला. आतल्या बाजूला, मणी जिथे देठाला चिकटतो तिथे, राखाडी छटा होती. मला ती धूळ वाटली. मावशींनी एक पान तोडलं, उन्हाकडे तिरकं धरलं आणि डोळ्यांच्या पातळीला आणलं. सरळ बघताना हिरवंगार दिसणाऱ्या त्या पानावर तिरक्या उजेडात कोळ्याच्या जाळ्याहून बारीक तंतू उठून दिसले. त्यांनी बोट फिरवलं. बोटाला भुकटी लागली. “पुसून जातं ते हेच,” त्या म्हणाल्या. “आमच्या उडदावर येतं.”

उडदावरची भुरी वेगळ्या जातीची. ती द्राक्षावर येत नाही आणि द्राक्षावरची उडदावर जात नाही. हे मला पाठ होतं आणि मावशींना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण डोंगरातल्या उडदावर तयार झालेली त्यांची नजर द्राक्षात चुकली नाही. त्याच संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, 80 टक्क्यांचं पाण्यात मिसळणारं गंधक फवारलं. उन्हाचा कडाका असताना गंधक मारलं तर पानं करपतात, म्हणून वेळ सांभाळावी लागते. दुसऱ्या दिवशी घडांभोवतीची पानं विरळ करून हवा खेळती केली. रोग त्या कडेच्या ओळींतच राहिला.

पुढे कधीतरी द्राक्षातल्या भुरीचा इतिहास वाचला आणि मावशी आठवल्या. 1845 साली इंग्लंडमधल्या मारगेटला हा रोग युरोपात पहिल्यांदा नोंदवला तो एडवर्ड टकर नावाच्या माळ्याने. पीचच्या झाडावर येणाऱ्या भुरीशी त्याने तो ताडून पाहिला आणि गंधक-चुन्याचं पाणी वापरून बघितलं. म्हणजे त्यानेही दुसऱ्या पिकावर कमावलेली नजरच कामाला लावली. बर्कली या शास्त्रज्ञाने 1847 मध्ये बुरशीला टकरचं नाव जोडलं, ऑयडियम टकेरी. 1854 पर्यंत फ्रान्सचं वाइन उत्पादन कोसळलं होतं, आणि ते सावरलं गंधकानेच. शास्त्रज्ञ आता या बुरशीला एरिसायफी नेकेटर म्हणतात. माळ्याचं नाव त्यातून गेलं. तरी काही काळ ते होतं, हेही थोडकं नाही. आमच्याकडे बाग वाचली की श्रेय औषधाच्या कंपनीला, नाहीतर सल्लागाराला. मीही सल्ल्याचे पैसे मोजतो, ते योग्यच आहे. पण सल्लागार येतो आठवड्यातून एकदा.

मावशींनी पुढेही पुष्कळ दाखवलं: काडीवरचे तपकिरी, जाळीदार डाग, मणी वाचले तरी देठावर तग धरून राहणारी भुरी. हे सगळं त्यांनी कात्री चालवता चालवता सांगितलं, हात न थांबवता. का, ते मला उशिरा कळलं. थिनिंग उक्तं असतं. जितकं उरकेल तितके पैसे. मला हाक मारून घड दाखवण्यात जाणारा वेळ त्यांच्या पदरचा होता.

आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांची सून येते. तिचीही नजर तशीच. निर्यातीच्या मालासाठी फवारणीची नोंदवही ठेवावीच लागते. तारीख, औषध, प्रमाण असे रकाने असतात. मी त्यात हाताने एक वाढवला आहे: ‘आधी कुणी पाहिलं’. बागायतदार बंधूंना एवढंच सांगणं आहे. यंदा टोळी आली की पहिल्याच दिवशी सांगून टाका, भुरी दाखवायला जो वेळ जाईल त्याचे पैसे उक्त्याच्या वर, वेगळे मिळतील. आणि ते त्याच संध्याकाळी द्या.