घेणाऱ्यावर ऋण नको

जन्नतच्या आशेनं दिलेलं दान मला कमी प्रतीचं वाटायचं. जहन्नमची भीती नसती तर ही माणसं खिशात हात घालतील का, असं मी कॉलेजात असताना अब्बांनाच विचारत असे. समाजसुधारक हमीद दलवाई वाचले होते. १९७० साली त्यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाबद्दल आदर होता, तो आजही आहे. आखिरतबद्दलचं, म्हणजे मेल्यानंतरच्या हिशेबाबद्दलचं माझं मत मात्र बदललं. आणि ते बदललं जकातीचा, म्हणजे मुसलमानावर बंधनकारक असलेल्या दानाचा, हिशेब मांडताना.

अब्बांची नजर अधू झाली आणि कापडाच्या दुकानाच्या वह्या माझ्याकडे आल्या. आम्ही हनफी परंपरेचे मुसलमान. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, एवढ्या मोलाची शिल्लक गरजा आणि देणी वजा जाता हाती असली आणि चांद्रवर्ष उलटलं, की तिचा चाळिसावा हिस्सा, २.५ टक्के, काढायचा. अब्बा चांदीचंच माप धरायला लावत. चांदी स्वस्त, म्हणून देणं लागणाऱ्यांत जास्त माणसं येतात आणि गरिबांच्या पदरात जास्त पडतं. दुकानातला माल विक्रीच्या भावानं धरायचा. वसूल होण्याजोगी उधारीसुद्धा त्यात. अम्मीचे अंगावरचे दागिनेही सुटत नाहीत. कोकणातल्या शाफई परंपरेच्या मुसलमानांकडे त्यांना सूट असते.

कुणाला द्यायची, हेही ठरलेलं. कुरआनातल्या सूरह तौबामध्ये आठ प्रकार सांगितले आहेत: फकीर, गरजू, कर्जात बुडालेले, वाटेत अडकलेले प्रवासी वगैरे. आईवडिलांना आणि मुलांना देता येत नाही. त्यांना पोसणं हे तसंही आपलं कर्तव्यच. मशीद बांधायलाही हा पैसा चालत नाही. तो हाडामांसाच्या माणसाच्या हातात, त्याच्या मालकीचा म्हणून पडला पाहिजे.

यातल्या एका नियमापाशी मी थांबलो. ही जकात आहे, असं घेणाऱ्याला सांगायची गरज नाही. ईदी म्हणून द्या, भेट म्हणून द्या. देताना मनात नियत असली म्हणजे झालं.

आखिरतचं इथलं काम मला तेव्हा उमगलं. देणाऱ्याचं येणं अल्लाहकडे असेल, तर घेणाऱ्याकडे त्याचं काही निघतच नाही. सूरह दहरमध्ये गरीब, अनाथ आणि कैद्याला जेवू घालणारे लोक त्यांच्याकडून ना मोबदला मागतात, ना आभार. सूरह जारियातमध्ये तर मागणाऱ्याचा आणि वंचिताचा नेक माणसांच्या मालात हक्कच सांगितला आहे. दिल्यावर उपकार बोलून दाखवले की दान वाया गेलं, हे सूरह बकरहमध्ये स्पष्ट आहे. मी ज्याला निखळ माणुसकी म्हणत होतो, तिच्यातल्या मदतीचं ओझं मी आसपास पाहिलं आहे. भाच्याची फी भरणारा मामा त्याच्या लग्नापर्यंत ते ऐकवत राहतो. शिलाई मशीन मिळालेली विधवा वर्षानुवर्षं त्या घरापुढे मान वर करत नाही. देणाऱ्याला जन्नत हवी असेल तर खुशाल असू दे. अशा बाईची मान तरी मोकळी राहते.

नमाजही मला कॉलेजात असताना दानधर्माहून वेगळी, नुसती रीत वाटायची. पण अवघ्या सात आयतींच्या सूरह माऊनमध्ये अनाथाला ढकलणारा, दिखाव्याची नमाज पढणारा आणि शेजाऱ्याला घरातली साधी वस्तूही न देणारा, हे सगळे एकाच दमात येतात. सहीह मुस्लिम या संग्रहातल्या एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनात, कयामतच्या दिवशी अल्लाह माणसाला विचारतो, मी तुझ्याकडे अन्न मागितलं होतं, तू मला का जेवू घातलं नाहीस? भुकेल्याच्या जागी तो स्वतःला उभा करतो. असं मानणारा माणूस भुकेल्याकडून सलामाची अपेक्षा कशी करील?

लहान मुलांना आगीच्या वर्णनांनी घाबरवणं मला अजूनही पटत नाही, आणि माझ्या घरात मी ते होऊ देत नाही. पण त्याहून जास्त चीड मला रमजानमधल्या जाहीर वाटपाची येते. उघड देणं मना नाही, गुपचूप देणं अधिक चांगलं, एवढंच कुरआन सांगतं. तरी दारासमोर गरिबांची गर्दी जमवून कशासाठी वाटायचं? २०१५ साली बांगलादेशातल्या मैमनसिंहमध्ये जकातीचे कपडे घ्यायला आलेल्यांची चेंगराचेंगरी झाली आणि वीसहून अधिक जीव गेले. आमच्याकडेही पाकीट पुढे करून घेणाऱ्याला कॅमेऱ्याकडे बघायला लावणारे आहेत. त्यांना मी पूर्वी माणुसकीचे दाखले द्यायचो. आता थेट आखिरतबद्दलच विचारतो: फोटो काढून मोबदला इथेच घेतलात, तर तिथे काय मागणार?