पाणी मुरतंय कुठं?

धावडा, ता. भोकरदन, जि. जालना
श्रावण

प्रिय गड्या,

तुझा निरोप वाचून आधी हसूच आलं. लीड्ससारख्या ढगाळ गावात तुझ्या घरी हजारोंचा ड्रायर, आणि तरी कपडे दमट निघतात, खिडकीच्या काचांवर पाणी धरतं, कोपऱ्यात काळी बुरशी चढते, आणि त्याचा इलाज तू विचारतोस मला, अजिंठ्याच्या डोंगराखालच्या धावड्यात! पण विचारलंस ते बरं केलंस. सध्या इथंही घरोघरी हाच विषय आहे. झड लागली की वसरीत दोऱ्याच दोऱ्या, वर पंखा गरगरतोय, आणि त्या दमट वासात माणसं जेवायला बसलेली.

आमच्याकडं ड्रायर म्हणजे काय, ते तू विसरला नसशील. दोन टपांचं मशीन, त्यातला छोटा टप म्हणजे ड्रायर. तो कपडे वाळवत नाही, नुसते पिळतो. आतला जाळीचा टप मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे घेतो, पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं, बाहेरच्या टपात पडतं आणि आपल्या वजनानं पाईपातून खाली जातं. बहुतेक मशीनमध्ये पाणी उपसायला पंप नसतोच. सगळी भिस्त उतारावर.

आणि उताराचंच तर इथं वांधं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेल्या बाईला साबणाचं पाणी मोरीत सोडवत नाही. ते संडासाला लागतं, अंगणात मारायला लागतं. म्हणून पाईपाचं तोंड जातं बादलीत, नाहीतर ड्रमात. बादलीचा काठ टपाच्या तळापेक्षा वर असला, की पाणी खाली जायचं सोडून ड्रायरमध्ये तुंबतं. मग आतला टप त्या साचलेल्या पाण्यात फिरायला बघतो. मोटार नुसती घुमते, तापते, वेग धरत नाही, आणि कपडे जसेच्या तसे निथळत बाहेर. लोक म्हणतात मोटार गेली. मिस्तरीही कधीकधी तेच म्हणतो, कारण मोटारीचे पैसे होतात, पाईप खाली धरल्याचे होत नाहीत.

इलाज सोपा आहे. मशीन लोखंडी स्टँडवर चढवायचं आणि बादली खाली ठेवायची. विटांवर मात्र चढवायचं नाही. ड्रायर सुरू झाला की मशीन थरथरतं, वीट सरकते आणि मशीन तोंडावर येतं. स्टँड नसेल तर पिळण्यापुरता तरी पाईप जमिनीला टेकवून पाणी पसरट घमेल्यात घ्यावं. पाणीही वाचतं, मोटारही.

पाईप खाली असूनही पाणी साचत असेल, तर आधी मशीनच्या मागं बघावं. भिंतीला चिकटवलेल्या मशीनच्या पाईपाला हमखास घडी पडलेली असते. त्यानंतर धुण्याच्या टपाचा व्हॉल्व्ह. दोन्ही टपांचं पाणी शेवटी एकाच पाईपातून जातं. व्हॉल्व्हच्या रबराखाली केसाची पिन, शर्टाचं बटण किंवा वाकळेचा दोरा अडकला, की तो नीट बसत नाही. धुण्याचं पाणी झिरपत राहतं, आणि पाईप वर अडकवलेला असेल तर गुपचूप ड्रायरच्या टपात चढतं. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, त्यामुळं जुन्या पाईपात पांढरा थर धरतो, त्यावर साबणाचा गाळ. असला पाईप साफ करत बसण्यापेक्षा बदललेला बरा. उंदरांचं तर विचारूच नको. पावसाळ्यात मशीनखाली कोरडी जागा मिळाली, की ते संसार थाटतात आणि वायरी कुरतडतात. खालून जाळी मारलेली चांगली.

एक दुखणं मात्र अंगावर काढू नये. ड्रायरच्या दांड्याभोवती रबरी सील असतं. ते फाटलं की पाणी दांड्यावरून खाली मोटारीवर ठिबकतं. आधी कुरकुर, मग गंजका घरघराट, आणि एक दिवस मशीनला हात लावल्यावर मुंग्या. ओली फरशी, अनवाणी पाय, अर्थिंग नावापुरतं. अशा घरात मी आधी प्लग काढायला सांगतो आणि मग दुखणं विचारतो. मोटारीच्या मानानं सील अगदी स्वस्त असतं, पण पावसाळा काढू म्हणत लोक दिवाळीपर्यंत ढकलतात.

आता तुझं. तुझ्या घरात भिंतीबाहेर जाणारा पाईप नाही म्हणालास, म्हणजे ते वाफेचं परत पाणी करणारं मशीन. त्यात गरम हवा कपड्यांतून फिरते, ओल घेते, मग थंड पत्र्यांवरून जाते. तिथं वाफेचं पाणी होऊन तळाशी उतरतं आणि छोटा पंप ते वरच्या टाकीत चढवतो. पाणी बाहेर काढायला आमच्याकडं उतार, तुझ्याकडं पंप, एवढाच फरक. कपड्यांचे रेशे तळाच्या खळग्यात साचून पंपाचं तोंड बुजलं, की पाणी तळातच डबकं करून बसतं. म्हणून दारातली जाळी दर वेळी, आणि खालचं झाकण उघडून आतले पत्रे अधूनमधून मऊ ब्रशनं साफ कर. पत्रे पातळ असतात, जोर लावलास तर वाकतील. रेशांचा आळस परवडणारा नाही. रेशे हीटरला लागून पेट घेतात, म्हणून 2019 मध्ये तुमच्याच ब्रिटनमध्ये लाखो ड्रायर परत मागवावे लागले होते.

कपडे दमट असतानाच मशीन ‘झालं’ म्हणत असेल, तर टपाच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या बघ. ओला कपडा दोन्हींना लागला की त्यातून किंचित वीज वाहते, त्यावरून मशीन ओल ओळखतं. आपल्याकडं आडतीवर सोयाबीनचं मॉइश्चर बघतात, तसलाच प्रकार. हमीभावाच्या खरेदीला 12 टक्क्यांची अट असते. 2024 च्या हंगामापुरती ती 15 वर नेली, तेव्हा कुठं लोकांचा जीव भांड्यात पडला. तुझ्या पट्ट्यांवर कपडे मऊ करायच्या औषधाचा थर बसला असेल, तर त्यांना ओल कळायचीच नाही. व्हिनेगर लावलेल्या फडक्यानं पुसून घे.

आणि एक. धुण्याच्या मशीनमध्ये पिळण्याचा वेग वाढव. एक लिटर पाण्याची वाफ करायला जवळजवळ दोन तृतीयांश युनिट वीज लागते, आणि तेच पाणी गरगर फिरवून काढायला त्याचा किरकोळ हिस्सा. हे आमच्या ‘नुसतं पिळणाऱ्या’ डब्याला तुझ्या महागड्या मशीनपेक्षा जास्त कळतं, असं मी म्हटलं तर रागावू नकोस. इथं पिळून काढलेली चादर पंख्याखाली झडीतसुद्धा रात्रीतून वाळते.

खिडकीच्या बुरशीचं काय ते मला इथून सांगता यायचं नाही, पण तुला शोधता येईल. ओले कपडे ड्रायरमध्ये घालण्याआधी वजनकाट्यावर तोल, निघाल्यावर परत तोल. जितके किलो कमी झाले, तितके लिटर पाणी कपड्यांतून गेलं. मग टाकीतलं पाणी मापानं मोज. दोन्हींत थोडी तफावत राहणारच, थोडी वाफ कुठूनही निसटते. पण कपड्यांतून दोन लिटर गेलं आणि टाकीत जेमतेम तांब्याभर आलं, तर बाकीचं एक तर मशीनच्या तळात आहे, नाहीतर तुझ्या भिंतीत. तळ कोरडा निघाला, तर पत्र्यांच्या कप्प्याचं आणि दाराचं रबर बघ, वाफ तिथूनच खोलीत येत असणार. आणि मशीन उघडून बघताना प्लग काढलेला असू दे, साहेब झालास तरी.

दोन्ही आकडे कळव, मग पुढचं बोलू.

तुझाच,
धावड्याचा दोस्त