यंत्राचे अनेक गुरु

बुद्धिबळाचा खेळ मूळचा हिंदुस्थानांतला. परंतु आज संगणकापुढें मोठमोठे खेळाडूही हार खातात. इ. स. १९९७ मध्यें न्यूयॉर्क येथें जगज्जेत्या कास्पारोव्हला 'डीप ब्ल्यू' या यंत्रानें हरविलें. हें ऐकून विद्यार्थी मला विचारतात, "गुरुजी, मग आम्हीं खेळून काय उपयोग?" या प्रश्नांत खेळाहून मोठी निराशा दडलेली आहे, म्हणून त्याचें उत्तर शोधणें मला अगत्याचें वाटलें.

डीप ब्ल्यू हें आय. बी. एम. कंपनीच्या मोजक्या तज्ज्ञांचें काम. 'स्टॉकफिश'ची हकीकत निराळी आहे. नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाड यांच्या 'ग्लाउरुंग' या प्रोग्रॅमवरून इटलीच्या मार्को कोस्टाल्बा यांनीं २००८ सालीं तो तयार केला. त्यांतील आज्ञा कोणासही वाचतां व बदलतां येतात. २०१३ सालीं गॅरी लिन्स्कॉट यांनीं 'फिशटेस्ट' ही परीक्षेची व्यवस्था उभारली. कोणीं सुधारणा सुचविली, कीं जुना व नवा प्रोग्रॅम एकमेकांशीं हजारों डाव खेळतात. नव्याची सरशी ठरली, तर सुधारणा मान्य होते. एखादा भाग गाळूनही बळ घटलें नाहीं, तर तेंही मान्य होतें. निबंधांतील फाजील शब्द खोडणाऱ्या मास्तरास हा नियम विशेष आवडावा! या डावांसाठीं देशोदेशींचे हौशी लोक आपले संगणक उसने देतात. सुचविणाराची पदवी तेथें निकाल ठरवीत नाहीं. पुष्कळ सूचना नापास होतात. परंतु नापास झालेली सूचनाही पुढच्यास वाट दाखविते.

२०२० सालीं तर एका निराळ्याच खेळाची मदत झाली. जपानी शोगीसाठीं यू नासु यांनीं शोधलेली युक्ति स्टॉकफिशमध्यें घेतली गेली व त्याचें बळ एकदम वाढलें.

विधवेच्या दमडीची गोष्ट आपण उपासनेंत ऐकतों. येथेंही कोणाची दमडी म्हणजे एक कल्पना, कोणाची म्हणजे रात्रभर चालू ठेवलेला संगणक. तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, ज्या यंत्रापुढें तुम्ही हरतां, तें असंख्य माणसांच्या अशा दानांनींच थोर झालें आहे. त्याला हरवितां येईल कीं नाहीं, हा प्रश्न गौण होय. आपल्याला सुचलेलें मांडण्याचें, तें कसोटीस लावण्याचें आणि नापास झाल्यास पुन्हां मांडण्याचें धैर्य आपणांत आहे काय, हा खरा प्रश्न होय. तें धैर्य शिकण्यास पटासारखी दुसरी शाळा क्वचितच सांपडेल.